महिषासुराची मान

नवरात्रात आमच्या गल्लीतल्या मंडळाला मंडपात लावायला महिषासुरमर्दिनीचं मोठं चित्र हवं होतं. देवी आणि तिचा सिंह माझ्या डोळ्यांपुढे आधीपासून होते. प्रश्न असुराचा होता. रेड्याच्या धडातून बाहेर येणारा माणूस काढायचा, की माणसाच्या धडावर रेड्याचं डोकं? मी दुसरा प्रकार घेतला, तो महाबलीपुरमच्या गुहेतल्या ७व्या शतकातल्या शिल्पामुळे. तिथला महिषासुर गदा सावरत, मागे रेलत हटतो आहे आणि त्याच्या अंगातलं वजन दगडातही जाणवतं. मला तेच वजन हवं होतं.

पहिली अडचण मापाची. आपण शरीर डोक्यांत मोजतो. साधारण माणूस साडेसात डोकी उंच असतो, वीरपुरुष आठ डोकी काढतात. आपल्या मूर्तिशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला ताल म्हणतात; एक ताल म्हणजे बारा अंगुळं, आणि नवताल, म्हणजे नऊ तालांची, मूर्ती १०८ अंगुळांची. पण डोकंच रेड्याचं असेल तर मोजायचं कशानं? रेड्याचा चेहरा आपल्या चेहऱ्याच्या जवळपास दुप्पट लांब. तो मोजपट्टी धरला तर धड राक्षसी वाढतं. म्हणून मी आधी माणसाच्या डोक्यासकट पूर्ण माणूस काढला: आठ डोकी, चौथ्या डोक्याच्या रेषेवर जांघ, कोपर कमरेच्या पातळीला. सगळी मापं बसल्यावर ते डोकं पुसलं.

आता खरं काम मानेचं. रेड्याचं डोकं लहान करून खांद्यावर बसवलं की मुखवटा घातल्यासारखं दिसतं. बोहाड्यातल्या, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या लोकनाट्यातल्या, सोंगांना मुखवटा शोभतो, कारण तिथे तो मुखवटाच असतो. इथे मात्र ते डोकं त्याच देहातून उगवलेलं दिसायला हवं होतं.

त्यासाठी मी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सकाळी वही घेऊन जाऊ लागले. म्हशी धारेला शांत उभ्या असतात, त्यामुळे रेखाटायला पुरेसा वेळ मिळतो. "मागं उभ्या राहू नका, ताई, बाजूनं बघा," असं एका गवळीमामांनी सांगितलं, आणि बाजूनं बघण्यातच उत्तर सापडलं. माणसाची कवटी मणक्यावर वरून टेकलेली असते, मणका तिला खालून भिडतो. म्हशीची कवटी मणक्याला मागच्या बाजूनं जोडलेली असते, म्हणून डोकं पुढे लोंबतं. ते वजन पेलायला मानेच्या वरच्या कडेनं एक जाड, चिवट पट्टा जातो आणि पाठीच्या उंच मणक्यांना धरतो. मानेचे मणके मात्र दोघांचेही सातच! फरक लांबी-जाडीत आणि कोनात आहे.

मग मी असुराची मान खांद्यांच्या मधून सरळ वर न नेता पुढे झुकवली. मानेमागचा स्नायू खांद्याच्या पात्यांपर्यंत फुगवला. गळ्याजवळची दोन्ही हाडं तशीच ठेवली, कारण हात माणसाचे आहेत आणि माणसाचा खांदा त्या हाडांना टेकूनच फिरतो. म्हशीला ती हाडं नसतात, तिचं पातं छातीच्या बाजूला स्नायूंनी बांधलेलं असतं. ही हाडं पुसली असती तर गदा उचलायला हात बाजूला उघडलाच नसता.

शिंगं पंढरपुरी म्हशीची घेतली, खांद्यांच्याही मागे जाणारी. त्यांनी डोक्याचा पुढचा भार डोळ्याला तोलून धरला, आणि तो मागे रेलतानाचा बाकही शिंगांच्या वळणात उतरला.

पायांना खूर द्यावेत असं मंडळातल्या मुलांचं म्हणणं होतं. ट्रेसिंग पेपरवर करून पाहिलं. जनावराचा जो गुडघा आपल्याला उलटा वाटतो, ती त्याची टाच असते. त्यामुळे मांडी आखूड, पाऊल लांब आणि टाच पोटरीच्या उंचीला अशी फोड करावी लागते. सरळ उभ्या असुराला ते छान बसलं. पण मागे रेललेला देह दोन खुरांच्या टोकांवर उभा राहीना, पडतोच आहे असं दिसे. म्हणून माणसाचीच पावलं ठेवली, बोटं जमिनीत रुतलेली, मागच्या पायाची टाच पूर्ण टेकलेली.

रंग भरायला घेतले तेव्हा पहिला गडद हात मानेमागच्या त्या पट्ट्यावर दिला. बाकीच्या सावल्या तिथून ठरवत गेले.