पी.ए.डब्ल्यू. १.४९ : आधी दाब, मग सुई

इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्डच्या प्रोग्रेस एरो वर्क्सचं (पी.ए.डब्ल्यू.) हे मॉडेल विमानाचं १.४९ सीसी ‘डिझेल’ इंजिन. नाव डिझेलचं असलं तरी यात इंजेक्टर नाही, प्लग नाही, बॅटरी नाही. हवा-इंधन व्हेंचुरीतच, म्हणजे हवा आत घेणाऱ्या अरुंद तोंडातच, एकत्र होतं आणि सिलिंडरमधल्या दाबाने पेटतं. हा दाब आपल्या हातात असतो. डोक्यावरच्या आडव्या दांडीचा स्क्रू, म्हणजे टॉमी बार, उजवीकडे फिरवला की आतला कॉन्ट्रा-पिस्टन, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोकातला दुसरा पिस्टन, खाली सरकतो आणि दाब वाढतो.

इंधन १०० मिली करायचं तर इथर ३३, रॉकेल ४०, एरंडेल २५ आणि प्रज्वलन सुधारणारं नायट्रेट २. रॉकेल आणि एरंडेल आपसात नीट मिसळत नाहीत, त्यांना एकत्र धरून ठेवतं ते इथर. म्हणून जुन्या बाटलीतलं इंधन गढूळ झालं किंवा त्याचे थर पडले, तर इथर उडालं असं समजा आणि ते इंधन वापरू नका. बाटली घट्ट बंद, गार जागी. इथरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, तेव्हा आसपास आग नको. नळी सिलिकॉनची लावू नका, या इंधनात ती फुगते. निओप्रिनची चालते.

सुरू करताना ९×४ चा (९ इंच व्यास, ४ इंच पिच) पंखा बसवा आणि इंधन कमी-जास्त करणारी सुई पूर्ण बंद करून साधारण तीन फेरे उघडा. व्हेंचुरीवर बोट ठेवून पंखा दोन-तीनदा फिरवा, नळीत इंधन सरकताना दिसलं की थांबा. मग एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनवर दोन थेंब. आता समोरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने सणसणीत फटका, बोटावर जाड कातडी मोजा घालूनच. पेट घेतला नाही तर दाब एक अष्टमांश फेरा वाढवा आणि पुन्हा फटका मारा.

पंखा हाताने फिरवताना वरच्या टोकाशी अडला, तर तिथेच थांबा. आत इंधन साचलेलं असतं आणि द्रव दाबला जात नाही. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो, नवशिक्यांच्या हातून इंजिन जातं ते बहुधा असंच. टॉमी बार अर्धा फेरा सैल करा, इंजिन उलटं धरून एक्झॉस्टमधून इंधन काढा, मग हळू फिरवा.

चालू झालं की लगेच सुई आवळायची घाई नको. तापलं की त्याला कमी दाब पुरतो. आधी टॉमी बार थोडा सैल करा, इतका की आवाज जरा फुटू लागेल, मग सुई थोडी बंद करा, मग दाब नेमका जमवा. आवाज जड, फेरे उतरते, बाहेर पडणारं तेल काळपट : दाब जास्त आहे. तडतड, चुकार ठोके : दाब कमी. नव्या इंजिनातून मात्र सुरुवातीला काळं तेल येतंच, ओतीव लोखंडाचा पिस्टन पोलादी सिलिंडरमध्ये बसत असतो. त्याला एकदम पळवू नका : सुई जरा जास्त उघडी ठेवून दोन-तीन मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा.

टॉमी बार सैल केला तरी दाब उतरत नसेल, तर कॉन्ट्रा-पिस्टन अडकलाय. चालत्या इंजिनात इंधन पेटण्याचा धक्काच त्याला वर ढकलतो, बंद इंजिनात सिलिंडर गरम हवेने तापवून बघा. महिनोन्‌महिने पडून चिकटलेल्या इंजिनालाही हाच उपाय, कारण एरंडेलाचा चिकटा गरम होऊन सुटतो. मग रॉकेलचे थेंब टाका आणि पंखा हलक्या हाताने मागे-पुढे करा. पक्कड कुठेही नको.