गावात राहून गेलेली माणसं

रत्नागिरीच्या स्टँडबाहेर भर उन्हात रिक्षावाला ओरडत होता, "थिबा, थिबा! चला, एक सीट थिबा!" ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, आणि त्याच्या नावाने आता रिक्षा भरतात. मी बसलो.

आत्याचं घर इथलंच, त्यामुळे मे महिन्याची सुट्टी ठरलेली. दुपारी पोरांना आंब्याच्या अढीपासून लांब ठेवायचा तिचा एकच उपाय होता. माजघरात सगळ्यांना आडवं करायचं आणि गावात कोण कोण मोठी माणसं राहून गेली ते वदवून घ्यायचं. "टिळक!" आम्ही कोकलायचो. "कुठे?" "टिळक आळीत!" "साल?" "१८५६!" मग सावरकर, मग थिबा. आत्याचा रुबाब असा, की या तिघांना खोल्या तिनेच भाड्याने दिल्या होत्या.

पुढे मला एक खोड लागली. कुणी थोर माणूस अमुक गावी राहिला असं वाचलं, की तो तिथे आपल्या मर्जीने आला होता का, हे मी आधी बघतो. या बाबतीत रत्नागिरीचा हिशेब काही बरा नाही. टिळक जन्मले इथे, पण दहाव्या वर्षी पुण्याला गेले. सावरकर १९२४ ते १९३७ राहिले, कारण जिल्हा सोडायला बंदी होती. त्या काळात त्यांनी गाव ढवळून काढलं, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उघडलं, ते सगळं खरं. पण आले ते स्थानबद्ध म्हणूनच. थिबाला तर इंग्रजांनी १८८६ मध्ये आणूनच ठेवलेलं. दागिने विकत विकत दिवस काढले बिचाऱ्याने. तो लाल, तीनमजली राजवाडा राहायला मिळेपर्यंत १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो गेलाच.

त्यात इंग्रजांनी १९०८ मध्ये टिळकांना धाडलं कुठे, तर मंडालेला. थिबाच्याच राजधानीत! सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत. कुणी विचारलं असतं, तर दोघेही अदलाबदलीला एका पायावर तयार झाले असते.

१९१९ मध्ये थिबाची राणी मुलींना घेऊन रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत राहायला आली. इथल्याच, राजवाड्यावर नोकरीला असलेल्या माणसापासून तिला मुलगी झाली होती. राजकन्या १९४७ मध्ये इथेच वारली. मुलगी इथेच मराठी बोलत म्हातारी झाली.

परवा आत्याला म्हटलं, "आत्या, तुमच्या यादीत या मायलेकी कशा नव्हत्या गं?"

"त्या कशाला असतील?" आत्या म्हणाली. "त्या इथल्याच ना!"