उजनीची वही: कटला, चिलापी, मरळ यांना एकच माप चालत नाही

मंडळी, या हंगामापासून उजनीच्या बॅकवॉटरला गळाला लागलेला प्रत्येक मासा मोजून वहीत लिहितोय. जात, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी, ठेवला की सोडला. सुरुवातीला सगळ्या जातींना एकच माप होतं: फुटापेक्षा लहान मासा घरी आणायचा नाही. वही भरत गेली तसे आता जातवार नियम केलेत.

आधी कटला आणि रोहू. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. त्यामुळे धरणांमध्ये त्यांची भिस्त मुख्यतः मुद्दाम आणून सोडलेल्या बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर असते. म्हणजे इथे लहान मासा सोडण्याचा फायदा अंड्यांपेक्षा वाढीत जास्त. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. २० सेंमीचा कटला आज तव्यावर टाकायचा, की ४० सेंमीचा होऊ द्यायचा, हा हिशोब अगदी सरळ आहे. माझं किमान माप आता ४५ सेंमी.

चिलापीचं गणित बरोब्बर उलटं. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा, आज उजनीच्या बाजारातला मोठा वाटा त्याचाच. परवा एक मादी गळाला आली, जेमतेम हाताच्या पंज्याएवढी. गळ काढायला तोंड उघडलं तर आतून पिल्लं सांडली, तांदळाच्या कणीएवढी, दोन काळ्याभोर डोळ्यांची. एवढ्याशा वयात ती आई झालेली! चिलापी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून थोड्या अंड्यांतूनही पुष्कळ पिल्लं जगतात. गर्दी वाढली की खाद्य पुरत नाही, वाढ खुंटते आणि मासे आणखी लहानपणीच प्रजननाला लागतात. अशा ठिकाणी लहान चिलापी सोडून आपण गर्दीतच भर घालतो. म्हणून चिलापीला माझ्याकडे किमान माप नाही. लागली की ठेवायची.

मरळीसाठी मात्र खालची आणि वरची, अशा दोन्ही मर्यादा ठेवल्यात. ४० ते ६० सेंमीमधली एखादी ठेवतो, बाकी सगळ्या पाण्यात. मोठी मादी वजनाच्या मानाने भरपूर अंडी देते, आणि मरळ पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात काठालगत पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला, की खाली जोडी आहेच समजा. तिथे फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष) टाकला की राखणीला असलेली मरळ त्वेषाने अंगावर येते. तो फटका कितीही थरारक असला तरी मी तिथे गळ टाकत नाही. पालक गेले की सगळा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

नुसती किमान मर्यादा ठेवली की सगळा भार मोठ्या माशांवर पडतो, ही माझी खरी काळजी. इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावात १९४४ पासून जाळी लावून मोठे पाइक (तिथला शिकारी मासा) काढले गेले आणि त्यांची मोजमापं वर्षानुवर्षं नोंदली गेली. जाळ्यांचा जोर होता तेव्हा भराभर वाढणारे पाइक आधी सापडत, सावकाश वाढणारे मागे उरत. जोर कमी झाल्यावर कल उलटा फिरला. मासेमारी माशांची संख्याच नव्हे, त्यांची वाढही बदलते, हे त्या नोंदींमुळे कळलं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सोडलेला मासा जगला नाही तर कुठलंही माप व्यर्थ. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ती बरंच सोसते. कटल्याचं तसं नाही. एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यात दहा मिनिटं खेळवून दमवलेला कटला फोटोसाठी वर धरला की संपलंच. मी गळाचा बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) चिमट्याने दाबून टाकलाय, मोजपट्टी ओली करून पाण्याच्या कडेलाच ठेवतो, आणि दुपारी बारानंतर कटल्याला गळ टाकत नाही.

भिगवणच्या बाजूला एक मच्छीमार काका भेटतात. लहान रोहू सोडताना पाहून म्हणाले, "सर, तुम्ही सोडताय खरं, पण पलीकडं वडाप (बारीक आसाचं ओढायचं जाळं) लागलंय. उद्या त्यातच जाणार ते." मी म्हटलं, "काका, मग आसाचं (जाळ्याच्या छिद्राच्या मापाचं) काय?" ते म्हणाले, "आस मोठा ठेवला तर आम्हालाच फायदा. पण सगळ्यांनी ठेवला पाहिजे ना." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. बारीक आसाचं जाळं बोटुकलीसकट सगळं ओढून नेतं. आपल्या मोजपट्टीची आणि त्यांच्या आसाची मर्यादा एकत्र पाळली गेली तरच कटला मोठा होईल. काकांसारख्या मोठा आस वापरणाऱ्यांकडूनच मासळी विकत घ्यायची, हे मी ठरवून टाकलंय.

पावसाळा संपेपर्यंत मरळ पूर्ण बंद. पानशेत-मुळशीकडे कुणी लांबी लिहून ठेवत असेल तर जातवार आकडे पाठवा, खडशीचे (महसीरचे) तर नक्कीच. कटल्याची पुढची मोजमापं दिवाळीनंतर टाकतो.