काळाराम मंदिराचे लेगो मॉडेल: विटा किती, कुठून आणि कोणत्या रंगात

मोठे मॉडेल करायचे ठरले की लगेच विचारले जाते, "विटा स्वस्त कुठे मिळतात?" हा प्रश्न थोडा नंतर विचारावा. खर्चाचा मोठा भाग ठरतो तो आराखड्यात: प्रमाण किती, कोणता रंग, कोणत्या लांबीचा तुकडा. तिथे चुकले तर नाशिकच्या मेन रोडवर कितीही घासाघीस करा, हाती फारसे लागत नाही.

उदाहरण नाशिकच्याच काळाराम मंदिराचे घेऊ. शिखराची उंची साधारण ७० फूट, म्हणजे २१ मीटरच्या थोडे वर. लेगोच्या एका स्टडपासून, म्हणजे विटेवरच्या गोल उंचवट्यापासून, दुसऱ्या स्टडपर्यंत ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची, म्हणजे पातळ विटेची, ३.२ मिमी. १:५० प्रमाणात शिखर सुमारे ४३ सेंमी येते, म्हणजे विटांचे ४४ थर. लेगोची माणसे अंगणात शोभावीत म्हणून १:४० घेतले तर उंची ५३ सेंमी होते. वाढ दहाच सेंटीमीटरची वाटते, पण बाहेरचा पृष्ठभाग दीडपटीहून जास्त वाढतो आणि विटाही त्याच हिशेबाने वाढतात. माणसांची हौस फार नसेल तर १:५० वर थांबावे.

आता रंग. मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातला, काळा. म्हणून सगळ्या विटा काळ्या घ्याव्यात असे वाटते, पण काळ्या विटेत सावली दिसत नाही, कोरीवकामाचे टप्पे गडप होतात. बाहेरच्या अंगाला गडद निळसर राखाडी वापरावा आणि खाचांमध्ये काळा. हा राखाडी लेगोच्या सर्वांत जास्त निघणाऱ्या रंगांपैकी एक आहे, त्यामुळे साध्या विटा, प्लेटा, उताराचे तिरके तुकडे सगळे त्यात मिळते आणि भावही आवाक्यात राहतो. हेच मॉडेल एखाद्या दुर्मीळ रंगात मांडले तर काही तुकडे त्या रंगात बनलेलेच नसतात. स्टुडिओ हे आराखड्याचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि कोणता तुकडा कोणत्या रंगात उपलब्ध आहे ते दाखवते. ती सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. मॉडेल पूर्ण झाल्यावर तुकड्यांची यादी त्यातूनच थेट ब्रिकलिंकच्या, म्हणजे सुटे लेगो तुकडे विकणाऱ्या ऑनलाइन बाजाराच्या, खरेदी-यादीत पाठवता येते.

एक सापळा राखाडीतही आहे. २००४ च्या सुमारास लेगोने दोन्ही राखाडी बदलले. जुने थोडे पिवळट-हिरवट, नवे निळसर. जुन्या खेळण्यांच्या ढिगात दोन्ही मिसळून येतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली फरक कळत नाही, सकाळी गॅलरीत नेले की भिंतीवर ठिगळे दिसतात. निवड नेहमी दिवसाच्या उजेडात करावी.

भिंतीचा हिशेब करून बघा. एक मीटर लांब आणि २० सेंमी उंच जोते, एक स्टड जाडीचे: लांबीत १२५ स्टड, उंचीत २१ थर, म्हणजे २,६२५ स्टड. १×१ विटांनी (रुंदी × लांबी, स्टडांत) २,६२५ तुकडे, १×२ ने सुमारे १,३१३, १×४ ने ६५६, १×८ ने ३२८. भाव मात्र लांबीच्या प्रमाणात चढत नाही. १×४ वीट १×१ च्या चौपट किमतीची सहसा नसते. सर्वसाधारणपणे १×४, १×६ आणि २×४ स्टडमागे स्वस्त पडतात, १×१ सर्वांत महाग. म्हणून दगडी बांधकामाचा भास देणाऱ्या १×२ च्या रेघांच्या विटा, लेगोचा तुकडा क्रमांक ९८२८३, सगळीकडे न लावता दहा-बारा विटांमागे एखादी पेरावी. डोळ्याला तेवढे पुरते. शिखराच्या उतारासाठी ५४२०० हा चीज स्लोप नावाचा छोटा तिरका तुकडा उपयोगी, तोही भरपूर मिळतो. बाजूला स्टड असलेल्या ८७०८७ विटा मात्र जिथे खरेच आडवे काम आहे तिथेच.

आतली बाजू कोणी बघत नाही. ती पोकळ ठेवा आणि आठ-दहा स्टडांवर २×२ विटांचे खांब द्या. दर सहा-सात थरांनी लांब प्लेटांनी समोरासमोरच्या भिंती बांधून घ्या, नाहीतर उंच भिंत मध्येच फुगते. खांबांना कोणताही रंग चालतो: गुलाबी, पोपटी, जे स्वस्त मिळेल ते. जोत्याच्या पोटात तर ड्युप्लो भरावे. लहान मुलांच्या या विटा प्रत्येक मापात बरोबर दुप्पट, म्हणजे घनफळात आठपट असतात आणि साध्या २×४ विटा त्यांच्यावर बसतात. ड्युप्लोच्या एका थरात साध्या विटांचे दोन थर भागतात. मुले मोठी झालेल्या घरांतून ड्युप्लो सहज निघते. नव्या क्लासिक पेट्या, उदाहरणार्थ १०६९८, यांत ७९० तुकडे आणि ३३ रंग येतात. मंदिरासाठी तो रंगांचा मेळा निरुपयोगी, पोटात भरायला महाग. ती घेऊ नये.

खरी बचत जुन्या ढिगांत आहे. नाशिकमध्ये देवळाली कॅम्प आणि ओझर इथे बदलीची नोकरी असलेली कुटुंबे बरीच. शाळा संपून सामान बांधायच्या दिवसांत, साधारण एप्रिल ते जून, ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर लक्ष ठेवावे. दिवाळीच्या साफसफाईतही खेळण्यांचे डबे बाहेर येतात. भाव किलोवर बोलावा. २×४ वीट सुमारे २.३ ग्रॅमची, म्हणजे किलोत ४३० च्या आसपास. बारीकसारीक मिसळ असेल तर किलोत ७००-८०० तुकडे निघू शकतात. चादरीवर पसरून काढलेला फोटो मागा, डब्यात वरून काढलेला नको, कारण वरच्या थरात चांगले आणि तळाशी तुटके असण्याचा संभव असतो. प्रत्यक्ष गेल्यावर स्टडवर लेगोचे नाव आहे का, दातांच्या खुणा आहेत का, हे बघा. तांबूस तपकिरी आणि गडद लाल तुकडे विशेष तपासा. काही वर्षांचे हे रंग ठिसूळ निघाले आहेत, दाबताच तडकतात. ढिगात माणसे असतील तर ती वेगळी काढून हौशी मंडळींना विकावीत. कित्येकदा ढिगाच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातूनच परत मिळतो.

दुसऱ्या कंपन्यांच्या जुळणाऱ्या विटा वापरण्यात कायद्याची अडचण नाही. लेगोच्या विटेचे पेटंट १९५८ चे, ते केव्हाच संपले. अडचण मापाची. घेण्याआधी दहा विटा एकावर एक ठेवून व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा: वरचे स्टड सोडून ९६ मिमी यायला हवेत. मग बेसप्लेटवर, म्हणजे स्टड असलेल्या तळाच्या पाटीवर, दहा २×४ विटा एका ओळीत घट्ट बसवा. शेवटची उचलली जात असेल तर तो माल लांब भिंतीला नको. स्टडमागे ०.०२ मिमीची चूक १२५ स्टडांत अडीच मिलिमीटर होते आणि दोन टोके जुळतच नाहीत. एका भिंतीत दोन कंपन्या मिसळू नका. आतल्या खांबांना चालतील, दर्शनी भागाला नाही. शिवाय एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वेळी आलेल्या पिशव्यांत छटेचा फरक असतो. फरशी बसवताना पेट्या मिसळतात तसे सगळ्या पिशव्या एकत्र करूनच काम सुरू करावे, आणि दर्शनी रंग पाच ते दहा टक्के जादा घेऊन ठेवावा.

ब्रिकलिंकवर बाहेरच्या देशातून मागवण्याचा मोह आवरा. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. हिशेब मालावर आणि वाहतूक खर्चावर मिळून होतो, वर जीएसटी आणि कुरियरचे शुल्क. भेट म्हणून लिहून पाठवण्याची पळवाट २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे, प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. म्हणून ब्रिकलिंकवर तुकडे शोधताना विक्रेता भारतातलाच निवडा. दुकाने कमी आहेत, पण शेवटचे पन्नास-साठ अडलेले तुकडे तिथून आणणे परवडते. भाव ठरवताना मागच्या सहा महिन्यांत खरोखर विकल्या गेलेल्या तुकड्यांची सरासरी बघावी, दुकानदाराने लावलेली किंमत नाही.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक मोल्डिंगची इतकी युनिटे आहेत, तिथूनच विटा पाडून घेऊ, ही कल्पना नाशिककरांना हमखास सुचते. काही हजार विटांसाठी साचा कापणे परवडत नाही, आणि विटेची पकड मिलिमीटरच्या शंभराव्या भागांवर अवलंबून असते. थ्रीडी प्रिंटही विटेसाठी नको. कळस आणि ध्वजाची काठी मात्र जरूर प्रिंट करा, तिथे एका स्टडवर बसले की झाले.

माल घरी आला की ४० अंशांखालच्या पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात पांढरे-राखाडी तुकडे पिवळे पडतात. नंतर आकाराप्रमाणे वेगळे करा, रंगाप्रमाणे नाही. राखाडीच्या ढिगातून एक १×२ प्लेट शोधणे जिकिरीचे, १×२ प्लेटांच्या डब्यातून राखाडी उचलणे सोपे. हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्टसाठी मिळणारे खणांचे डबे याला उत्तम. मोजणी वजनावर करा: ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, आधी शंभर तुकड्यांचे वजन टिपून ठेवा, मग डबा रिकामा तोलून वजा करा.