व्हॅन दिली, पण लिलावात नको होती

अमेरिकेत गाडी चालवताना रेडिओ लावा, बातम्यांच्या अध्येमध्ये एक जाहिरात हमखास कानावर पडते. जुनी गाडी दान करा, चालू असो वा बंद, आमचा माणूस येऊन फुकट उचलून नेईल, शिवाय करात सवलत! आमची मालाची व्हॅन थकली तेव्हा आधी तेच डोक्यात आलं.

न्यू जर्सीत आमचं किराण्याचं लहानसं दुकान आहे. कोकम आगळ, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आणि सीझनला हापूस. भारतीय आंब्याला तिथे २००७ साली दार उघडलं, तेही विकिरण, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा, करूनच. विमानतळाच्या कार्गोतून पेट्या उचलून दुकानात आणायच्या आणि गिऱ्हाइकांकडे पोचवायच्या, हे काम आमच्या फोर्ड ट्रान्झिटचं. पुढे दोन सीट, मागे खिडक्या नसलेला लांब डबा.

चौकशी केल्यावर कळलं की दान आलेल्या बहुतेक गाड्या संस्था स्वतः वापरतच नाहीत. एखादी कंपनी गाडी उचलते, लिलावात काढते आणि खर्च वजा करून उरलेले पैसे संस्थेला देते. यात गैर काही नाही, पण देणाऱ्याला वाटतं आपली गाडी कुणाच्या तरी दारात उभी राहील, आणि ती जाते भंगारात. पूर्वी लोक अशा गाड्यांची किंमत मनाला येईल ती दाखवून कर वाचवायचे. २००४ च्या कायद्याने ते बंद झालं. गाडी ५०० डॉलरच्या वर विकली गेली, तर लिलावात जेवढे आले तेवढीच वजावट, आणि त्यासाठी संस्थेकडून १०९८-सी नावाचा फॉर्म हवा. संस्थेने गाडी खरोखर स्वतःच्या कामाला लावली, मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूला स्वस्तात दिली, तरच बाजारभाव धरता येतो.

धंद्याच्या गाडीचं गणित आणखी वेगळं. आमच्या सीपीएने, म्हणजे तिकडच्या सीएने, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "डेप्रिसिएशन किती घेतलंय?" म्हणजे घसारा. तो पूर्ण घेतला होता. मग वजावट शून्य, कारण गाडीची किंमत आपण खर्च म्हणून आधीच वसूल केलेली असते. एकाच व्हॅनवर दोनदा सूट कोण देणार? उलट विकली असती, तर आलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात धरला गेला असता. रेडिओवरच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

मला हे ऐकून मोकळं वाटलं. कराचा प्रश्नच मिटल्यावर एकच गोष्ट बघायची राहिली: ही व्हॅन नेमकी कुणाला हवी आहे? जवळच्या एका चर्चच्या तळघरात फूड पॅन्ट्री चालते. सुपरमार्केटमधून उरलेला ब्रेड, भाज्या, डबे आणायचे आणि गरजूंना वाटायचे. सगळी ने-आण स्वयंसेवक आपापल्या घरच्या गाड्यांतून करत होते. त्यांना मागे सामान भरायचा असा डबाच हवा होता.

पॅन्ट्रीच्या बाई गाडी बघायला आल्या त्या टॉर्च घेऊन. सरळ खाली वाकून तळाचा पत्रा बघायला लागल्या. आपल्याकडे खारं वारं पत्रा खातं, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. दाराखालच्या पट्टीवर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबलं, थोडा गंज भुरभुरला, पण पत्रा टिकला. मग मागचं दार उघडून आत शिरल्या आणि थबकल्या. प्लायवूडच्या तळात सुक्या सोड्यांचा वास मुरला होता. "हा वास कशाचा?" मी सांगितलं. प्लायवूड बदलून द्यायचं ठरलं. मला स्वतःला त्या वासाचं काहीच वाटत नव्हतं, उलट भूक लागते.

कागदपत्रं सोपी, पण क्रम चुकवायचा नाही. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, मागच्या बाजूला सही, ओडोमीटरचा आकडा, गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सहीखाली आपला हुद्दा. बाजूवरचं दुकानाचं नाव आणि फोन नंबर खरवडून काढायचा, नाहीतर पॅन्ट्रीचा ड्रायव्हर कुठे आडवा घुसला की शिव्यांचे फोन आपल्याला. आपल्याकडे नंबर गाडीबरोबर जातो. न्यू जर्सीत पाटी मालकाची असते, ती उतरवून सरकारी खात्याला परत करायची. त्याची पावती हातात आल्यावरच विमा बंद करायचा.

यंदा मे महिन्यात देवगडला हे सगळं सांगत होतो, तर काकांचा पहिला प्रश्न: "गाडी फुकट दिलंस? इकलंस कित्याक नाय?" दुसरा प्रश्न जास्त कामाचा होता. त्यांच्या बागेची जुनी पिकअप तालुक्यातल्या एखाद्या संस्थेला देता येईल का?

येईल, पण आपल्याकडे ८०-जी नावाने ओळखली जाणारी आयकराची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. त्यामुळे कराचा विचार मनातून काढूनच टाकायचा. आरसी संस्थेच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मालवाहू गाडी म्हणजे फिटनेस, विमा, पीयूसी हे सगळं चालू हवं. आणि नुसतं "घेऊन जा, वापरा" म्हणून किल्ली कुणाच्या हातात देऊ नये. आरसीवर नाव आपलं राहिलं, तर उद्या घाटात अपघात झाला की नोटीस आपल्याच पडवीत येते. संस्थेलाही आधी विचारावं: ड्रायव्हर आहे का, डिझेलला पैसे आहेत का? नसतील तर ती गाडी त्यांच्या आवारात पावसात सडणार.

काकांनी कपाटातून आरसी काढून आणली. त्यावर बँकेचा बोजा अजून तसाच. कर्ज फिटून काही वर्षं झाली, पण एनओसी आणून तो उतरवायचा कुणाला सुचलंच नव्हतं. आता सोमवारी आधी बँकेत जायचं ठरलंय.