तळं बागेचं, मासे भाडेकरू: इंदापूरकडची एक चक्कर

मेव्हण्याचं शेततळं शिरूरकडे आहे आणि त्यात मासे सोडायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलंय. आधी कुणाचं तरी चालू तळं बघू, म्हणून ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे पावणेचारला हडपसर सोडलं. यवत, चौफुला, कुरकुंभ, भिगवण असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. एवढ्या पहाटे जायचं कारण असं, की तळ्यातला प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि उजाडायच्या आधी सगळ्यात कमी असतो. काही बिघडलं असेल तर तेव्हाच मासे वर येऊन आ वासताना दिसतात. दुपारी बाराला कुठलंही तळं छानच दिसतं.

ओळखीच्या काकांचं तळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, प्लास्टिक अंथरलेलं. खोदलं डाळिंबासाठी. काका पहिल्या वाक्यातच म्हणाले, "तळं बागेचं हाय, मासे भाडेकरू." पुढचं सगळं गणित या एका वाक्यातून निघतं. मार्चनंतर पाणी बागेला जाणार, म्हणजे मासा तोवर विकण्याजोगा व्हायला हवा.

पहिल्या वर्षी त्यांनी स्वस्त मिळालं म्हणून मत्स्यजिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली जिऱ्याएवढी पिल्लं, आणून ओतलं. निम्मं बेडकांनी आणि पाणकिड्यांनी खाल्लं, उरलेलं वाढेपर्यंत पाणी आटलं. वर पुरवठादाराच्या पिशवीत चिलापी (तिलापिया) मिसळलेली निघाली! कटला, रोहू, मृगळ हे कार्प जातीचे मासे साचलेल्या पाण्यात वितच नाहीत, बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. चिलापी मात्र तळ्यातच पिल्लं घालत सुटते आणि शेवटी हाती बोटाएवढ्या माशांचा ढीग लागतो.

आता ते जुलैत चार इंची बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, आणतात, ६००. हिशेब सोपा: हेक्टरी ५ ते १० हजार, आणि हे तळं ९ गुंठ्यांचं. मेव्हणा ५ हजार सोडायच्या बेतात होता, तो गप्प झाला. पिशवी आणली की तोंड न उघडता १५-२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं. घाई केली तर बीज तिथंच दगावतं.

हे बीज हॅचरीत मिळतं त्याचं श्रेय हिरालाल चौधरींना. १० जुलै १९५७ ला ओडिशात त्यांनी पियुष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तोवर बहुतेक बीज पुराच्या पाण्यातून नदीतलंच धरावं लागे, आणि त्यात काय काय येईल याचा नेम नसे.

मला आवडली ती काकांची हाताची परीक्षा. ते काठावर पालथे झाले आणि तळवा पसरून हात पाण्यात घातला. शेण घातलं की पाण्यात माशांचं बारीक खाद्य वाढतं, त्यानं पाणी हिरवट, काढ्यासारखं. कोपरापर्यंत पाणी आलं तेव्हा बोटं दिसेनाशी झाली. "बरोबर हाय. कोपर बुडूनबी तळवा दिसला तर पाणी उपाशी. आधीच गायब झाला तर शेण थांबवायचं." शेणही ते पोत्यात बांधून बुडवतात. प्लास्टिकमुळे तळाला चिखल नाही, म्हणून चिखलातलं खाणारा मृगळ कमी ठेवतात. खाद्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, समसमान. ढगाळ दिवशी खाद्य बंद.

काकूंची तक्रार वेगळी: "मोठा मासा बाजारात जातो, घरी काय?" बांगलादेशात कार्पसोबत मोला नावाची बोटभर मासळी ठेवतात. ती डोक्यासकट खातात आणि तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं. काकूंना ती कल्पना पटली, काकांना नाही.

जाणाऱ्यांनी चपला बांधावरच काढाव्यात, प्लास्टिक फाटतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओलं प्लास्टिक शेवाळासारखं निसरडं असतं आणि पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काकांनी चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडलेत, काठावर ट्यूब ठेवलीय. मेव्हण्याच्या तळ्यावर यातलं काहीच नाही.

परतताना भिगवणला चिलापी खाल्ली. मेव्हण्यानं हडपसरला उतरून दोर घेतला. बोटुकली पुढच्या जुलैत.