आठवीचे गटप्रमुख

आज नागपूरच्या एका शाळेत आठवीसोबत नेतृत्वाचा तास झाला. भाषण नाही, थेट काम: ऊन तापायला लागलंय, तर व्हरांड्यातले पाण्याचे माठ रोज धुवायचे, भरायचे, झाकायचे. सहा-सहा जणांचे गट. प्रमुख चिठ्ठी टाकून, पंधरा दिवसांनी दुसरा. निवडणूक घेतली की मोठ्या आवाजाचाच निवडून येतो आणि वर्षभर तोच राहतो.

प्रमुखाला दोनच नियम. आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगायचं, कारण तो आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. दुसरा, कामाला स्वतः हात लावायचा नाही. हा फार जड जातो! कोणाला माठ नीट घासता आला नाही की हुशार पोरगं तो ओढून घेतं आणि एकटंच घासत बसतं. तिथे शिक्षकाने एवढंच म्हणायचं, "त्याचं कुठं अडतंय, ते विचार आधी."

बैठक दहा मिनिटं. वहीत तीन रकाने: काम, कोण, कधीपर्यंत. "सगळे मिळून करू" लिहिलं असेल तर खोडायला लावा, ते काम कोणीच करत नाही. एका कामापुढे एकच नाव.

आणि वही दर वेळी मुलीच्याच हातात जाते, तेवढं बघा. लिहिण्यात गुंतलेली मुलगी बोलत नाही. वहीचीही पाळी लावा.

प्रमुख बदलताना जुन्याने नव्याला अर्धवट राहिलेली कामं वहीतून वाचून दाखवायची.